मानसिक आजाराचा क्लेम करताय? या चुका टाळा, आणि कृपा करून ‘वायरल फीवर’ लिहून घेऊ नका

गेल्या सोमवारी सकाळी पोह्यांना फोडणी घालत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या सुदामा नगरातलेच एक काका. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी, पिशवीत मुलीच्या हॉस्पिटल ॲडमिशनचे कागद, आणि तोंडात तोच प्रश्न : "ताई, मानसिकचा क्लेम मिळतो का हो? एजंट म्हणतो, नाही मिळत."

मिळतो काका. आणि एजंटाला म्हणावं, झोपेतून उठ.

मी अकरा वर्षं इंदूरच्या एका खासगी हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर काढली (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था). डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही जिच्यावर ओरडता ना, ती काचेमागची बाई म्हणजे मी. नोकरी सोडून चार वर्षं झाली तरी फायली यायच्या थांबल्या नाहीत; कुणी मामेबहिणीची पाठवतं, कुणी शेजाऱ्याची. त्यातल्या मानसिक आजाराच्या फायली बघून माझं डोकं फिरतं, कारण कायदा आपल्या बाजूचा असताना लोक स्वतःच्या हातांनी क्लेम बुडवतात. त्याच त्या चार-पाच चुका. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी कायदा, कारण त्यात फार काही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याचं कलम २१, पोटकलम ४. एकच वाक्य आहे : शारीरिक आजाराच्या उपचारासाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजाराच्या उपचारासाठीही प्रत्येक विमा कंपनीने सोय केली पाहिजे. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, १६ ऑगस्ट २०१८ ला कंपन्यांना पत्रक काढून सांगितलं की हे ताबडतोब पाळा. सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक आजार, ताण आणि मेंदू झिजवणारे आजार पॉलिसीच्या अपवादांत टाकायला सरळ मनाई केली. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा पत्रक काढावं लागलं, की महिनाअखेरपर्यंत सगळ्या पॉलिसी या कायद्याला धरून करा. एकाच गोष्टीसाठी इतक्या वेळा पत्रक काढावं लागतं यावरून काय ते समजा.

आता चुका.

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती : दुसरंच निदान लिहून घेणं

डेस्कवर असतानाची गोष्ट. राजवाड्याच्या मागच्या गल्लीतलं आपलं मराठी कुटुंब. मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरीला. तीन रात्री झोपला नाही, चौथ्या दिवशी पगाराचे सगळे पैसे काढून मित्रांना मोबाइल वाटायला निघाला. मॅनिया, म्हणजे उन्मादाचा झटका. वडिलांनी ॲडमिट केलं, डॉक्टरांनी व्यवस्थित उपचार केले, सहा दिवसांत मुलगा शांत झाला. बिल अडुसष्ट हजारांच्या आसपास. पॉलिसी चार वर्षांची, एकही क्लेम घेतलेला नाही, पूर्वीचा आजार नाही. माझ्या दृष्टीने लोण्यातून सुरी फिरावी तशी फाइल होती.

पण घरात त्याच वेळी थोरल्या बहिणीचं लग्न जमत होतं. आईचा हट्ट, कागदावर ‘डोक्याचं’ काही नको. उद्या कुणाच्या हाती लागलं तर? वडील डॉक्टरांच्या पाया पडले. डॉक्टर भले, म्हणजे नको तितके भले. डिस्चार्ज समरीवर निदान आलं : वायरल फीवर, अशक्तपणा.

मी ती समरी हातात घेतली आणि नर्सिंग चार्ट उघडला. सहा दिवस, दिवसातून चार वेळा घेतलेलं तापमान : ९८.४, ९८.२, ९८.४, ९८.६. एकदाही ताप नाही. मेडिकलच्या बिलात ओलॅन्झापिन आणि लिथियम, दोन्ही मानसिक आजाराची औषधं. लॅबच्या बिलात रक्तातल्या लिथियमची पातळी. पॅरासिटामॉलची एक गोळी नाही! मी वडिलांना म्हटलं, "काका, हे पाठवू नका. खरं लिहून आणा, हा क्लेम मिळतो." ते म्हणाले, "तुम्ही फक्त पाठवा हो ताई, जाईल." त्यांना डिस्चार्जची घाई होती, बाहेर ऑटो उभा होता.

नाही गेला. टीपीएकडे बसलेला माणूसही डॉक्टरच असतो. वायरल तापाला लिथियम कोण देतं, हे कळायला त्याला दोन मिनिटं लागली असतील. मग तपासनीस निघाला. आधी हॉस्पिटलात आला, केस पेपर बघून गेला. तिथून त्या गल्लीत. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, "भैया, वो बाजूवाला लड़का बीमार था क्या? क्या हुआ था?" जे एका कागदावर राहिलं असतं, ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. क्लेम खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून नाकारला. वर पॉलिसी रद्द का करू नये, अशी नोटीस. खरं लिहिलं असतं तर अडुसष्ट हजार मिळाले असते, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही पॉलिसी हातात राहिली असती. या आजारात तीच तर लागते.

डॉक्टरांनी नंतर दुरुस्त समरी करून दिली. पण एकदा खोटं पकडलं गेलं की पुढचं खरंही कुणी खरं मानत नाही. तक्रार करू या म्हटलं तर आई म्हणाली, आता आणखी चार लोकांना कळायला नको. तिथेच संपलं.

लाज मला कळते. आमच्या लहानपणी घरात कुणी जरा विचित्र वागलं की थट्टेत "बाणगंगेला पाठवू का" म्हणायचे, कारण सरकारी मानसिक रुग्णालय तिकडे. ती थट्टा डोक्यातून जात नाही. पण क्लेमचा कागद म्हणजे नोटीसबोर्ड नव्हे. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही याच कायद्याने रुग्णाला दिलाय, कलम २३ मध्ये. गुपित फुटतं ते खोटं पकडलं गेल्यावर.

माझी सवय सांगते. मी निदानाशेजारी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा (आयसीडी) कोड आहे का ते बघते. नसेल तर डॉक्टरांना घालायला सांगते. ‘स्ट्रेस’, ‘घबराहट’, ‘मानसिक तणाव’ असे गुळमुळीत शब्द चालवून घेत नाही. कायद्याच्या कलम ३ प्रमाणे मानसिक आजार मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरवायचा असतो. शेजारीण म्हणते म्हणून नाही, आणि एजंट म्हणतो म्हणूनही नाही.

‘समान’ म्हणजे ‘सगळं’ समजणं

दर आठवड्याला समुपदेशनाला जाता, पावत्या जमवता आणि वर्षाअखेर त्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकता. त्यांचं काही होत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडी नसेल तर सर्दीच्या डॉक्टरची फीसुद्धा मिळत नाही, तशीच मानसोपचारतज्ज्ञाची मिळत नाही. कायदा कंपनीला उदार व्हायला सांगत नाही. दुजाभाव करू नको, एवढंच सांगतो. चोवीस तास ॲडमिट असण्याची अट असेल तर ती दोघांना. खोलीभाड्याची मर्यादा असेल तर तीही दोघांना. ओपीडीचं कव्हर घेतलं असेल तर मात्र त्यातून मानसोपचार वगळता येत नाही.

आणि उलट बाजूही बघा. विमा दहा लाखांचा, पण पॉलिसीच्या तक्त्यात खाली बारीक अक्षरांत फक्त मानसिक आजारासाठी पन्नास हजारांची मर्यादा, हे ‘त्याच आधारावर’ होत नाही. असंच एक प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं होतं : विमा पस्तीस लाखांचा आणि मानसिक आजाराला पन्नास हजार. त्याच कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये स्किझोअफेक्टिव्ह या गंभीर मानसिक आजाराच्या एका रुग्ण महिलेच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने पॉलिसीतल्या अपवादाचं कलम दाखवून पैसे नाकारले होते. कोर्ट म्हणालं, कायदा लागू झाला त्या दिवसापासून तो पाळायलाच हवा होता. असा तक्ता दिसला तर गप्प बसू नका.

प्रपोजल फॉर्म एजंटाला भरू देणं

ही चूक माझ्या घरात झाली, म्हणून जरा चिडूनच लिहिते. आणि मी टीपीए डेस्कवर असताना झाली. दिव्याखाली अंधार.

माझी नणंद. सासूबाई गेल्या त्या वर्षी तिला फार जड गेलं. आठ महिने एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेत होती, मग डॉक्टरांनीच बंद केली. दीड वर्षाने तिने पॉलिसी घेतली. फॉर्मवर प्रश्न होता, मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतलेत का? एजंट म्हणाला, "दीदी, वो सब मत लिखो, प्रीमियम बढ़ जाएगा." आणि त्यानेच ‘नाही’वर खूण केली. तिने सही केली. मला विचारलंसुद्धा नाही, कारण "तुला कशाला त्रास".

दोन वर्षांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देण्याआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञाने जुन्या औषधांबद्दल विचारलं, तिने प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. ते पान कंपनीकडे गेलं आणि ऑपरेशनचा क्लेम अडकला : माहिती लपवली. आता डिप्रेशनचा आणि पित्ताच्या खड्यांचा काय संबंध? मी हेच तक्रारीत लिहिलं, दोनदा. पाच महिन्यांनी पैसे मिळाले, तेही पूर्ण नाहीत. एजंट तोवर दुसऱ्या कंपनीचं काम करायला लागला होता.

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? आताच्या, म्हणजे २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार ‘आधीपासूनचा’ धरतात, आणि त्यासाठी वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. तीन वर्षं थांबा, मग तोही कव्हर. पित्ताशयाला तर त्याची झळ लागलीच नसती. पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. आधी हे आठ वर्षांचं होतं. काही शहाणे यावरून म्हणतात, "म्हणजे पाच वर्षं लपवलं की झालं!" त्यांना माझा सलाम. पाच वर्षं आजारी न पडण्याची लेखी हमी ते कुणाकडून आणतात ते मलाही कळवा.

फॉर्म स्वतः भरा. ऑनलाइन असेल तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस परत करण्याची मुभा असते, त्या दिवसांत एजंटाने तुमच्या नावावर काय काय खुणा केल्यात ते वाचा.

आणि ‘खरं लिहिलं तर पॉलिसीच देणार नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी : फेब्रुवारी २०२३ मध्ये इर्डाने कंपन्यांना अपंग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी ठेवायलाच सांगितलंय. प्रीमियम चढा असू शकतो, ते वेगळं. पण "ऐसा कोई प्रॉडक्ट नहीं है" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

‘ऑब्झर्वेशन’ हा शब्द

हल्ली कुठलीच कंपनी ‘मानसिक आजार कव्हर नाही’ असं लिहून देत नाही. लिहिलं तर अडकतील, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. नकार आता दुसऱ्या दाराने येतो. अपवादांच्या यादीत दोन जुनी कलमं आहेत, सगळ्या आजारांना सारखी लागू आणि कायदेशीर. एक, केवळ तपासणी आणि निरीक्षणासाठी ॲडमिट केलं तर पैसे नाहीत. दुसरं, विश्रांती, पुनर्वसन, देखभाल यासाठी ॲडमिट केलं तर पैसे नाहीत. मानसिक आजाराची फाइल या दोन खड्ड्यांत पडायला अगदी सोपी. इथे हाडाचा एक्स-रे नसतो, टाके नसतात, सलाइनही बरेचदा नसते. दिसतं काय? रुग्ण खोलीत आहे, गोळ्या घेतोय, डॉक्टर रोज बोलून जातायत. त्यात डिस्चार्ज समरीत जर लिहिलं असेल ‘ऑब्झर्वेशनसाठी दाखल’, तर संपलं. उत्तर छापील येतं : हे उपचार ओपीडीत होऊ शकले असते.

डॉक्टर मुद्दाम लिहीत नाहीत. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ असतो की रुग्ण स्वतःला काही करून घेईल म्हणून चोवीस तास लक्ष ठेवलं. विमा कंपनीच्या भाषेत तोच शब्द म्हणजे, काही झालं नव्हतं, बघायला ठेवलं होतं. या दोन भाषांच्या मधे मी अकरा वर्षं उभी होते.

एक बाई आठवतात, बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यात आलेल्या. दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नव्हता, बाळाकडे बघत नव्हत्या, कुणीतरी बाळ बदललंय म्हणत होत्या. त्यांची समरी आली ती तीन ओळींची : अमुक निदान, ऑब्झर्वेशनसाठी दाखल, गोळ्यांनी सुधारणा, घरी पाठवले. कॅशलेसवर क्वेरी येणारच होती, आली. मी केस पेपर काढला. दाखल करताना ज्युनियर डॉक्टर पोरीने कसं सुरेख लिहिलं होतं! अठ्ठेचाळीस तास अन्नपाणी नाही, झोप नाही, नाडी इतकी, भ्रम आहेत, बाळाला धोका संभवतो, घरी ठेवणं सुरक्षित नाही. रोजच्या मानसिक स्थितीची तपासणी, कुठल्या दिवशी औषधाचा डोस कितीने वाढवला, का वाढवला, सगळं. म्हणजे माहिती हॉस्पिटलातच होती, फक्त समरीत उतरली नव्हती. मोठ्या डॉक्टरांकडे गेले, ते राउंडवर होते, जिन्यात गाठलं. त्यांनी केस पेपरवरून दीड पानाचं पत्र दिलं. त्याच संध्याकाळी मंजुरी आली.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच करायला लावते. हॉस्पिटल सोडण्याआधी, काउंटरवर उभं राहून, डिस्चार्ज समरी वाचा. ऑटोवाला थांबू दे, सासरे चिडू देत. तीन गोष्टी शोधा : दाखल का करावं लागलं, घरी किंवा ओपीडीत का भागलं नसतं, आणि रोज काय उपचार झाले. यातली एक जरी नसली तरी तिथेच डॉक्टरांना विनंती करा. चार दिवसांनी करायला गेलात तर डॉक्टर परिषदेला गेलेले असतात, हा निसर्गनियम आहे. मात्र जे झालंच नाही ते लिहायला सांगू नका. तसं करायचं असेल तर वरची वायरल फीवरची गोष्ट पुन्हा वाचा. केस पेपरची प्रत हॉस्पिटल देत नसेल तर याच कायद्याचं कलम २५ दाखवा, आपल्या उपचारांचे कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

एकेका ओळीत उरकण्यासारख्या चुका

व्यसनमुक्ती केंद्राचा क्लेम लावणं : कायद्याच्या व्याख्येत दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्यात, पण इर्डाच्या मान्य अपवादांत व्यसनाचे उपचार अजून बसतात. ही गाठ सुटेपर्यंत त्या बिलावर भिस्त ठेवू नका.

बोर्ड बघून ॲडमिट करणं : रिंगरोडवरच्या बंगल्यात ‘मन:शांती’ छाप पाटी लावली म्हणून ते हॉस्पिटल होत नाही. कलम ६५ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेची नोंदणी लागते, ती आधी विचारा.

कळवायला उशीर करणं : बहुतेक पॉलिसींत अचानक दाखल झाल्यावर २४ तासांत कळवायचं असतं. "आधी बरा होऊ दे, मग बघू" म्हणू नका, एकाने फोन करा.

फोनवरचा नकार खरा मानणं : "पागलपन का क्लेम नहीं मिलता मैडम," असं एका कॉल सेंटरच्या पोराने मला, मला, ऐकवलं होतं. मी म्हटलं, "बेटा, यही बात ईमेल पे भेज दो." ईमेल आजतागायत आला नाही, क्लेम आला.

आयुष्मान कार्ड विसरणं : त्या योजनेत मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत. खासगी पॉलिसी नसेल तर सरकारी हॉस्पिटलात आधी तेच विचारा.

नकार आल्यावर घाई, तीही उलट्या दिशेने

नकाराचं पत्र आलं की इंदूरकर दोनच गोष्टी करतो. एक तर ‘जान-पहचान’ शोधतो : कुणाचा तरी साडू कंपनीच्या ब्रँचला आहे, त्याला सांगू. नाही तर फेसबुकवर कंपनीला शिव्या घालतो. साडू दोन महिने ‘देखते हैं’ म्हणतो, फेसबुकवर दोनशे लोक रागाचा चेहरा टाकतात, आणि तोपर्यंत दिवस जातात.

रस्ता आखलेला आहे, सावकाश आहे आणि फुकट आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. माझं पत्र एका पानाचं असतं. जास्त लिहिलं की कुणी वाचत नाही. त्यात पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, नकाराचं त्यांच्याच शब्दांतलं कारण आणि कलम २१(४). शिवाय एक प्रश्न मी हमखास विचारते : हाच रुग्ण याच पॉलिसीवर टायफॉइडने दाखल झाला असता तर आपण हीच अट लावली असती का? समानतेचा सगळा कायदा त्या प्रश्नात येतो. आणखी एक : २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय कुठलाही क्लेम नाकारता येत नाही, तर ती मंजुरी झाली का तेही विचारा.

तीच तक्रार इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर टाका, तिचा नंबर लिहून ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपलं, म्हणजे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं ऑफिस भोपाळला. वडोदऱ्याच्या नातेवाइकांची फाइल असेल तर अहमदाबाद. नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं, पन्नास लाखांपर्यंतचा वाद चालतो, फी नाही आणि वकील चालतच नाही. सुनावणी व्हिडिओवरही होते, म्हणून "भोपाळला कोण जाणार" हे कारण सांगू नका. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळाच आहे.

आणि त्या काकांचं काय झालं

पोहे खाऊन झाल्यावर पिशवी उघडली. मुलगी एकवीस वर्षांची, तीव्र डिप्रेशन, नऊ दिवस दाखल. निदान स्वच्छ लिहिलेलं, कोडसकट. काकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. समरीत मात्र ठळक अक्षरांत तेच : ऑब्झर्वेशनसाठी. त्यांना तसंच परत डॉक्टरांकडे पाठवलं. मंगळवारी ते पत्र घेऊन आले, बुधवारी आम्ही ते वर चढवलं.

गुरुवारी दुपारी काकांचा फोन. "ताई, आता नवीनच विचारून राहिले. म्हणतात, हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर आहे का, त्याचा पुरावा द्या."

मला हसूच आलं. डिप्रेशनला ऑपरेशन थिएटर! पण विचारणाऱ्याने हवेतून काढलेलं नाही. पॉलिसीत ‘हॉस्पिटल’ची व्याख्या असते. त्यात लिहिलेलं असतं की दहा लाखांवर वस्तीच्या शहरात किमान पंधरा खाटा हव्यात, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर हवेत, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर हवं. फक्त मनोरुग्णांचं हॉस्पिटल असलं की क्वेरी टाकणारा हा परिच्छेद चिकटवून मोकळा होतो. पण त्याच वाक्यात आधीचा भाग असतो : संस्था स्थानिक अधिकाऱ्यांकडे किंवा लागू असलेल्या कायद्याखाली हॉस्पिटल म्हणून नोंदलेली असेल, ‘किंवा’ पुढच्या अटी पूर्ण करत असेल. दोन्हीपैकी एक पुरतं.

काकांना म्हटलं, हॉस्पिटलकडून सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) ऑफिसच्या नोंदणीची प्रत मागून घ्या, आणि येताना तुमचं पॉलिसीचं पुस्तक आणा. शुक्रवारी आले. व्याख्येच्या पानाची झेरॉक्स काढली, त्या ‘किंवा’खाली पेन्सिलने दोन रेघा मारल्या, नोंदणीची प्रत जोडली आणि पाठवून दिलं. अजून उत्तर यायचंय.